‘तुमचा नमुना फार लहान आहे’

विद्यापीठांत आणि कॉलेजांत मुलं-मुली लिंगभावावरचं संशोधन मांडायला उभी राहतात, त्या सत्रांना मी आवर्जून बसते. जवळपास प्रत्येक ठिकाणी एक वाक्य कानावर पडतंच. मुलगी बोलून थांबते, सत्राध्यक्ष समोरची फाइल मिटतात आणि विचारतात, ‘सॅम्पल किती घेतलंत?’ ती सांगते, चाळीस. ‘फार लहान आहे. यावरून काही सिद्ध होत नाही. पुढचं कोण?’

एवढ्यावर तिची बोळवण होते. चाळीस घरांचे उंबरे ती चढलेली असते. सासू दुपारची आडवी झाली की सुनेशी बोलायचं, नवरा शेतावरून यायच्या आत वही मिटायची, शेवटची एसटी गाठायची, असं करत तिने महिने काढलेले असतात. मांडायला तिला सात-आठ मिनिटं मिळतात आणि त्यातली दोन पेनड्राइव्ह उघडण्यात जातात.

मला त्या वाक्याचा संताप येतो. शेजारच्याच खोलीत वाणिज्य शाखेचं सत्र चालू असतं. तिथे चाळीस ग्राहकांना विचारून मोबाइलवरच्या पैशांच्या व्यवहारावर पेपर वाचला जातो, टाळ्या पडतात, नमुन्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. चाळीस हा आकडा लहान असेल तर तो दोन्ही खोल्यांत लहान असायला हवा. घरातलं काही बाहेर आलं की मगच संख्याशास्त्र आठवत असेल, तर हरकत संख्येला नसते. हरकत घरातलं बाहेर येण्याला असते.

संख्येचंच बोलायचं, तर बोलू. १९८६ साली मुंबईत एक अभ्यास झाला. राज्य सरकारनेच करवून घेतलेला. किती डॉक्टरांशी बोलले? पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांशी. त्यातले ८४ टक्के गर्भजल काढून लिंगनिदान करत असल्याचं त्यांच्याच तोंडून बाहेर आलं. त्या काळात मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, वैज्ञानिक, वकील एकत्र येऊन लिंगनिदानाविरुद्ध लढत होते. त्यांच्या हाती हा पन्नासांचा अभ्यास पडला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. ‘पन्नास डॉक्टर म्हणजे फार लहान नमुना’ म्हणत मंत्रालयातल्या कुणी तो अहवाल बाजूला सारला असता, तर आणखी किती वर्षं हा धंदा राजरोस चालला असता?

दुसरं उदाहरण. १९७६च्या सुमारास देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधली फक्त सहा खेडी घेतली. घरातलं कोण दिवसभरात काय करतं, किती वेळ करतं, हे टिपत बसल्या. सरकारी पाहणीत काम न करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेलेल्या बायका सरपण आणत होत्या, गुरांचं करत होत्या, धान्य निवडत-कांडत होत्या. सहा खेडी! देशभराची पहिली वेळवापर पाहणी सरकारने केली ती २०१९ मध्ये. तिच्यात दिसलं की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७. शिवाय मुळात घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१. सहा खेड्यांनी विचारलेला प्रश्न अख्ख्या देशाला विचारायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. उशीर अभ्यासकांकडून झाला नाही.

आणखी मागे जा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तिला निमित्त होतं सुरतच्या विजयालक्ष्मी या एकाच विधवेच्या खटल्याचं. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिताना तिने आपल्या वस्तीतल्या बाळंत होणाऱ्या बाईकडे पाहिलं. घरावर छप्पर नसताना पावसाथंडीत तिचं काय होत असेल, हे लिहिलं. जात आणि बाईपण एकाच जागी कसं येऊन भिडतं, हे एका विद्यार्थिनीने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच मांडून ठेवलंय. महाराष्ट्रातल्या या विषयाच्या विद्यार्थी-संशोधनाची सुरुवात मी तिच्यापासून धरते. शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात बसून २००६ मध्ये ‘रायटिंग कास्ट / रायटिंग जेंडर’ सिद्ध केलं, ते आठ दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर उभं आहे. आठच! त्या पुस्तकानंतर देशभरातल्या समाजशास्त्राच्या वर्गांना जात वगळून बाईबद्दल बोलणं अवघड झालं.

लहान नमुन्याला मर्यादा असतात, हे मलाही कळतं. चाळीस बायकांवरून महाराष्ट्राची टक्केवारी सांगू नये, आणि जी मुलं सांगतात त्यांना जरूर थांबवावं. पण चाळीस बायकांशी नीट बोलून एखादी गोष्ट घडते कशी, हे पुरतं उलगडता येतं. विचारायचं तर तेच विचारा: कशी घडते?

व्यासपीठावरून येणारी बाकीची वाक्यंही सांगते. ‘हे खेड्यात चालतं, शहरात आता असं राहिलेलं नाही.’ हे म्हणणाऱ्या गृहस्थांच्या घरी सकाळचा डबा कोणी भरला, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. ‘पुरुषांवरही अन्याय होतो, त्यावर का नाही करत?’ करा की! आपल्या विभागातल्या मुलांना तो विषय द्या, मार्गदर्शन करा. मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना १९९३ पासून पुरुषपणाच्या ओझ्यावर काम करतेय, ‘पुरुष स्पंदन’ नावाचा अंक काढतेय. तिथे जाऊन बघा. पण दुसऱ्याचा पेपर मधेच तोडण्यापुरता पुरुषांचा कळवळा आणायचा, हे मला मान्य नाही. आणि एखादा मुलगाच हा विषय घेऊन उभा राहिला तर? ‘तू मुलगा असून हे कशाला घेतलंस?’ म्हणजे दोन्हीकडून दार बंद.

आता मुलांकडेही वळते, कारण त्यांच्यावरही माझा राग आहे. प्रेमाचा असला तरी रागच.

निम्मे पेपर एकाच वाक्यावर संपतात: ‘यासाठी स्त्रियांमध्ये जनजागृती करणे गरजेचे आहे.’ विषय हुंड्याचा असो, रक्तक्षयाचा, शाळागळतीचा की मारहाणीचा, शिफारस ठरलेली. हे वाक्य आळशी आहे आणि घातकही आहे. सगळा दोष ते बाईच्या अज्ञानावर टाकतं. बीडचं बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याची ओरड झाली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. या बायका अडाणी होत्या म्हणून असं झालं? मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस बाई फडात गेली नाही की खाडा पडतो, पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी. दवाखान्यात डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. या साखळीत जागृती कुणाची करायची? मुकादमाची, कारखान्याची, डॉक्टरची, की जिला सगळा हिशेब तोंडपाठ आहे त्या बाईची?

माझ्या मनात एक विषय आहे. कुणीतरी तो घ्यावा म्हणून इथे जरा सविस्तर मांडते. हक्कसोडपत्र.

बाप गेला की तलाठ्याकडे वारसनोंद होते. फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची नावं चढतात. कायदा बहिणीच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वारसा कायद्यात मुलींच्या बाजूने दुरुस्ती केली, केंद्राने २००५ मध्ये देशभर केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच आहे, २००५ मध्ये बाप हयात असो वा नसो. इतकं सगळं झाल्यावर सातबारावर बहिणींची नावं टिकायला हवीत. गावोगाव काय होतं? वारसनोंदीनंतरचा पुढचाच एखादा फेरफार उघडा. ‘हक्कसोडपत्रान्वये’ बहिणींची नावं कमी.

एम.ए.च्या एखाद्या मुलीने आपल्याच गावाची दहा-पंधरा वर्षांची फेरफार नोंदवही घेतली, तर काय हाती लागेल? कुणाच्या नावे वारस लागला, किती बहिणी होत्या, किती महिन्यांत त्यांची नावं उतरली, हे सगळं तारखेनिशी तिथे लिहिलेलं आहे. उंबरे झिजवण्याआधीच निम्मा अभ्यास सरकारी शाईत तयार आहे. मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बसावं. दस्तनोंदणीच्या दिवशी भाऊ गाडी करून बहिणींना घेऊन येतो. लेखनिकाने दस्त आधीच छापून ठेवलेला असतो. त्यात ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, विनामोबदला’ हे शब्द ठरलेले. आत नंबर लागतो, कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, ओळख पटवायला दोन साक्षीदार. काही मिनिटांत बापाच्या जमिनीशी असलेलं नातं संपतं. बाहेर आल्यावर चहा, वडापाव, कधी साडी.

त्या बायकांना विचारा, तुम्हाला हक्क माहीत होता का? बहुतेकजणी सांगतील, माहीत होता. मग सही का केलीत? ‘माहेर तुटलं असतं.’ नवऱ्याने टाकलं, आजारपण आलं, तर पाठ टेकायला एक दार लागतं, आणि ते दार भावाच्या हातात असतं. ती जमीन देऊन दार विकत घेते. पूर्ण शुद्धीत केलेला व्यवहार आहे हा. इथे ‘जनजागृती करणे गरजेचे आहे’ लिहिणाऱ्याने त्या बाईचं काही ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर शिफारस वेगळी आली असती: वारस लागल्यापासून ठरावीक काळ हक्कसोड करता येऊ नये, किंवा सही घेण्याआधी अधिकाऱ्याने बहिणीला एकटीला आत बोलावून दस्त वाचून दाखवावा. हे कागदावर आणता येतं, मागणी म्हणून मांडता येतं. कायद्याचे विद्यार्थी यात हात घालू शकतात, महसुलातले निवृत्त लोक मदत करू शकतात.

‘एकटीला’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला. प्रश्न विचारताना खोलीत कोण बसलं आहे, यावर उत्तर ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसेबद्दलचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात, तेही कुणी ऐकत नसताना. एकांत मिळत नसेल तर तो भाग सोडून द्यायचा, असा नियम आहे. एवढी खबरदारी सरकारी पाहणी घेते आणि आपली मुलं ओसरीवर, सासऱ्यासमोर विचारतात, ‘तुम्हाला घरात काही त्रास आहे का?’ उत्तर येतं, ‘काही नाही बाई, सगळं चांगलं आहे.’ तक्त्यात लिहिलं जातं: त्रास नाही, ९० टक्के. असला आकडा निरुपद्रवी नसतो. उद्या कुणीतरी तो तोंडावर फेकतो. यात मुलांपेक्षा मार्गदर्शकाची चूक मोठी आहे. प्रश्नावली तपासून सही करणाऱ्याने एवढं तरी विचारायला हवं की हा प्रश्न तू कुठे बसून विचारणार आहेस, आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय करणार आहेस. तिला कुठला फोन नंबर देणार? कुणाकडे नेणार?

हे सगळं आता आधीपेक्षा जास्त निकडीचं झालंय. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांनाही फील्ड प्रोजेक्ट, संशोधन प्रकल्प करावे लागतात, त्याचे क्रेडिट मिळतात. ‘आविष्कार’सारख्या स्पर्धेला पोस्टर घेऊन जाणारी मुलं वेगळीच. २०२१-२२च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार देशात पीएच.डी. करणाऱ्या २.१२ लाखांपैकी जवळपास ९९ हजार मुली होत्या. घरात पहिल्यांदा कॉलेजात पोचलेली मुलगी विषय निवडायला बसली की बाई, घर, लग्न, पाणी, पगार, रस्ता, वसतिगृहाचं आठ वाजता बंद होणारं फाटक, हेच तिच्या डोळ्यांसमोर असतं. दुसरीकडे या विषयाचं नीट शिक्षण देणारी केंद्रं योजनेच्या पैशांवर आणि कंत्राटी शिक्षकांवर चालतात. एसएनडीटी विद्यापीठाने नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये देशातलं पहिलं स्त्री संशोधन केंद्र उभारलं. त्याच वर्षाच्या अखेरीस देशातल्या स्त्रियांच्या दर्जाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ (समतेकडे) हा अहवाल आला आणि दर हजार पुरुषांमागे बायका १९०१ मधल्या ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० वर आल्याचं देशाने वाचलं. पन्नास वर्षं झाली. विषय शिकवायला कायम जागा नाहीत, पण विषय घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीला ‘तुमच्या पद्धतीत त्रुटी आहेत’ म्हणायला व्यासपीठावर तिघे बसलेले असतात. पद्धत शिकवा ना तिला! माणसं नेमा.

आणि पेपर वाचून झाल्यावर तो जातो कुठे? नोंदणीशुल्क भरलेलं असतं, प्रमाणपत्र मिळतं, बायंडिंग केलेली प्रत विभागाच्या कपाटात. ज्या चाळीसजणींनी उत्तरं दिली त्यांना त्यातली ओळही कळत नाही. त्यांच्या वेळेची ही सरळ लूट आहे. आधीच २९९ मिनिटं राबणाऱ्या बाईने आपल्याला वर तास दिलेला असतो.

यावर उपाय नव्याने शोधायला नको. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, अशी कायद्यातच तरतूद आहे. बऱ्याच गावांत ती वहीत सह्या घेऊन उरकतात. विद्यापीठांनी एवढंच करावं: गावात केलेला संशोधन प्रकल्प त्या गावाच्या महिला सभेत मांडल्याशिवाय त्याचे क्रेडिट देऊ नयेत. तिथे पीपीटी नको, पांढऱ्या कागदावर हाताने काढलेला तक्ता पुरे, नावं झाकलेली. खरा व्हायवा तिथेच होईल. ‘आमच्या गावातल्या हक्कसोडी इतक्या?’ असं एखादी विचारेल. दुसरी म्हणेल, तू वीस सांगतेस, आमच्या आळीतल्या तीन तर यात आल्याच नाहीत. नमुना वाढवायचाच असेल तर तो असा वाढतो. सरपंचबाई खुर्चीवर आणि त्यांचे पती दारात उभे असतील, तर मुलीने आधी त्या पतिराजांना बाहेर जायला सांगावं. नसेल धीर होत, तर तिच्या मार्गदर्शकाने सोबत येऊन सांगावं.

सत्राध्यक्षांनीही एक करावं. पेपर आठ दिवस आधी मागवून घ्यावा आणि वाचून यावं. मिनिटं सातऐवजी वीस द्यावीत. त्यासाठी उद्‌घाटनाची भाषणं, शाली, श्रीफळं, पाहुण्यांचा परिचय कापावा लागला तर कापावा. आणि मुलगी बोलून थांबली की पहिला प्रश्न असा विचारावा: निबंधकाच्या कार्यालयात अंगठा लावण्याआधी त्या बहिणींपैकी कितीजणींना कुणी दस्त वाचून दाखवला होता?